गणपतीआधीची तयारी : ग्रामकृती दलात नव्याने आलेल्यांसाठी

कोविडची दुसरी लाट ओसरली असं टीव्हीवर सांगतात. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात ती उशिरा उतरली, जून-जुलैपर्यंत रेंगाळली. जूनमध्ये राज्यात डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराचे जे 21 रुग्ण सापडले, त्यातले 9 आपल्याच जिल्ह्यातले होते. आता ऑगस्ट 2021 लागलाय. 10 सप्टेंबरला गणपती. रेल्वे, एसटी, खासगी गाड्या भरभरून चाकरमानी येतील, आणि ते यावेत असंच आपल्यालाही वाटतं. तिसरी लाट कधी येईल, किती मोठी असेल, हे मी सांगू शकत नाही. पण हातात महिनाभर आहे आणि तो वाया घालवायचा नाही, एवढं मला पक्कं कळतं.

या महिन्यात गावात कोविडचं काम करणाऱ्या आपल्या कृती दलात बरीच नवी मुलंमुली आली आहेत. कुणाची मुंबईतली नोकरी गेली, कुणाचं कॉलेज मोबाईलवर चालू आहे. आम्ही जुने दीड वर्ष धावून थकलो आहोत, त्यामुळे तुमचं येणं आम्हाला फार मोलाचं आहे. हे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी मूळ गोष्ट. एप्रिल-मेमध्ये आमच्या गावातली जी माणसं गेली, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या बाबतीत गोष्ट एकच होती : उशीर. ताप आल्यावर चार दिवस कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तपासणीला एक दिवस गेला, रिपोर्टला दोन दिवस. श्वास लागला तेव्हा रात्र होती आणि गाडी नव्हती. असे दिवस आणि तास साठत गेले. पुढे जी कामं सांगतो आहे ती सगळी हे दिवस आणि तास कापण्यासाठी आहेत. एखादं काम करताना कंटाळा आला तर याने कुणाचा किती वेळ वाचेल, एवढंच बघा.

पहिलं काम : वही

दोनशे पानी जाड पुठ्ठ्याची वही घ्या. मोबाईलमधली यादी चालणार नाही. एप्रिलमध्ये आमची यादी एकाच्या मोबाईलमध्ये होती. तो स्वतःच पॉझिटिव्ह निघून जिल्ह्याच्या गावी दाखल झाला, मोबाईल बंद पडला आणि गावात डायबेटिसची माणसं कोण कोण हे आम्ही परत पहिल्यापासून विचारत बसलो. म्हणून वही, आणि तिच्या दोन प्रती. एक आशाताईंकडे, एक ग्रामपंचायतीत.

प्रत्येक घराला एक पान. माणसांची नावं, वयं. कुणाला साखर, बीपी, हृदयाचा त्रास, दमा आहे, पूर्वी कुणाला टीबी झाला होता, कोण डायलिसिसवर आहे, कोण गरोदर आहे. चालू गोळ्या. लस कोणती, कितवा डोस, कोणत्या तारखेला. दोन फोन नंबर, एक घरचा आणि एक मुंबईतल्या जबाबदार माणसाचा. आणि एक गोष्ट जी शहरातल्या यादीत नसते : घरापर्यंत गाडी जाते का, की पाखाडी (डोंगरातली दगडी पायऱ्यांची वाट) उतरून रस्त्यावर यावं लागतं, आणि उतरायला किती मिनिटं लागतात.

ही वही चव्हाट्यावर वाचायची नाही. कोण पॉझिटिव्ह आहे हे गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही, कुणी विचारलं तरी नाही. याचं कारण पुढच्या कामात आहे.

दुसरं काम : लोक ताप का लपवतात ते ऐकून घ्या

हे काम सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. नवा माणूस आला की त्याला वाटतं, लोक अडाणी आहेत म्हणून लपवतात. तसं नाही. मे महिन्यात सरकारने आपल्या जिल्ह्यासह 18 जिल्ह्यांत घरी राहून उपचार घेणं बंद केलं, तेव्हा वाडीवाडीत एकच भीती होती : सांगितलं तर उचलून नेतील. मग मागे काय?

मी घरोघरी बसून विचारलं तेव्हा उत्तरं अगदी साधी होती. गुरांना वैरण कोण घालणार. म्हैस दुसऱ्याच्या हाताला दूध देत नाही. आंधळी सासू घरात एकटी कशी ठेवू. लावणी अर्धी राहिलीय. मुलीचं लग्न ठरतंय, तिकडच्यांना कळलं तर. नळावर कुणी आमच्या हंड्याला हात लावणार नाही. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि एकालाही पोस्टर लावून उत्तर मिळणार नव्हतं.

म्हणून आम्ही जोडघर लावायला सुरुवात केली आहे. प्रत्येक घराने आपल्या मर्जीने दुसरं एक घर निवडायचं आणि वहीत तसं लिहायचं. या घरातली माणसं आजारी पडली तर त्या घराने गुरं बघायची, म्हाताऱ्या माणसाला दोन वेळचं जेवण दारात ठेवायचं, औषध आणून द्यायचं. जोडी भाऊबंदांतलीच हवी असं नाही. उलट भाऊबंदांत वाद असेल तर दुसरी शोधा. म्हशीचा प्रश्न असेल तर जोडघरातल्या बाईला आतापासूनच धार काढायला सोबत बसू द्या, म्हणजे जनावराला हात ओळखीचा होईल. हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण आमच्या वाडीत एका बाईने जुलैमध्ये ताप आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी आशाताईंना स्वतःहून निरोप पाठवला. का, तर तिची म्हैस शेजारणीला दूध द्यायला लागली होती. तिचे चार दिवस वाचले.

घरी जाताना तिघे-चौघे मिळून जाऊ नका. एकाने जावं, अंगणात किंवा पडवीत बसावं, मास्क लावून, चहा घ्यायचा मोह टाळून. आवाज चौकशीचा असावा, चौकीचा नको. "कुणाला ताप आहे का?" या प्रश्नाला "नाही" हेच उत्तर येतं. "पावसात भिजून कुणाचं अंग दुखतंय का, चव गेलीय का, जेवण कमी झालंय का?" असं विचारा, बोलणं सुरू होईल.

तिसरं काम : ऑक्सिमीटर हाताळायला शिका

ऑक्सिमीटर म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र. गावात अशी आठ-दहा असतील. आज सगळी एका जागी जमवा. सेल काढून बघा. आमच्याकडे मे महिन्यात ऐन वेळी दोन यंत्रं सेल गळून गंजलेली निघाली. वापर नसताना सेल काढून ठेवायचे. मग एकाच धडधाकट माणसाच्या बोटाला ती सगळी एकामागून एक लावा. बहुतेक 98 दाखवताहेत आणि एकच 94, तर ते एक बाजूला ठेवा.

मोजताना माणूस पाच मिनिटं शांत बसलेला हवा. बोटावर मेंदी, नेलपॉलिश नको. पावसाळ्यात बोटं गार पडलेली असतात, तेव्हा तळहात चोळून गरम करा. हात छातीच्या पातळीवर टेकलेला. आकडा पहिल्या सेकंदाला जो दिसतो तो धरायचा नाही, मिनिटभर थांबून जो स्थिर राहतो तो लिहायचा. यंत्रावर दोन आकडे असतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा. घाबरून त्यांची अदलाबदल करणारे मी पाहिलेत.

साठीच्या वरच्या आणि जुना आजार असलेल्या प्रत्येकाचा आकडा आताच, बरं असताना, मोजून वहीत टाका. जुन्या दम्याच्या माणसाचा आकडा एरवीही थोडा कमी असू शकतो. ते आधी माहीत असेल तर पुढे धावपळ योग्य माणसासाठी होते.

आजारपणात आकडा 94 च्या खाली गेला की थांबायचं नाही, डॉक्टरांना कळवून हलवायची तयारी करायची. 94 किंवा वर असेल तर सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. सपाट जमिनीवर नेहमीच्या चालीने सहा मिनिटं चालायचं, साठीच्या पुढच्यांनी तीन मिनिटं चाललं तरी चालेल, आणि लगेच परत मोजायचं. आकडा 93 च्या खाली गेला, आधीपेक्षा 3 हून जास्त उतरला किंवा धाप लागली, तर आत काहीतरी बिघडतंय. बसल्या जागी आकडा कमी असेल किंवा दमा असेल, तर ही चाचणी करायची नाही.

आता ज्याच्यामुळे मी हे इतकं लांबण लावून सांगतोय ते. एप्रिलमध्ये एका घरी गेलो. सून तापाने झोपली होती, तिच्यासाठी गेलो होतो. आजी पडवीत बसून तांदूळ निवडत होती. सूप हातात, गप्पा चालू. सहज म्हटलं, आजी, तुमचंही बघू. "माका काय धाड भरलीय?" म्हणाली. आकडा 84. मी दुसऱ्या बोटाला लावलं, दुसरं यंत्र आणलं. 85. तिला दम लागत नव्हता, निवडलेले खडे ती मला दाखवत होती. दोन तासांत ती ऑक्सिजनवर होती आणि पंधरा दिवसांनी घरी आली. या आजारात ऑक्सिजन उतरला तरी माणसाला कित्येकदा कळत नाही, म्हणून "बरं वाटतंय" या शब्दांवर विसंबायचं नाही. लक्षणं सुरू झाल्यापासून पाचवा ते दहावा दिवस जपायचा. बरेच जण पाचव्या दिवशी ताप उतरला म्हणून मोजणं सोडतात आणि तिथेच घात होतो. दिवसातून चार वेळा मोजायचं, कागदावर तारीख-वेळ टाकून.

औषधांबद्दल थोडंच

तुम्ही डॉक्टर नाही, मीही नाही. तापाला पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, जेवण, आणि आधीच्या साखर-बीपीच्या गोळ्या न चुकता. बाकी सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीने. मुंबईहून कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन घेऊन औषधाच्या दुकानात जाणाऱ्याला अडवा, हात जोडून अडवा. त्यात स्टेरॉइड असतं. ऑक्सिजन उतरलेल्या रुग्णाला डॉक्टरांच्या देखरेखीत ते जीव वाचवतं. पण सौम्य आजारात पहिल्याच दिवसापासून घेतलं तर नुकसान करतं, साखर वाढवतं, आणि काळ्या बुरशीच्या ज्या केसेस आपण मे महिन्यात ऐकल्या त्यांच्या मागे वाढलेली साखर आणि स्टेरॉइड ही मोठी कारणं होती. रेमडेसिविर घरी घ्यायचं इंजेक्शन नाही, त्याच्या मागे पळून पैसे आणि वेळ घालवू नका.

चौथं काम : शाळेतला कक्ष आणि घरातली पडवी

विलगीकरण कक्ष बहुतेक गावांत शाळेत आहे. खर्चासाठी यंदा ग्रामपंचायतीला 15व्या वित्त आयोगाच्या निधीतला 25 टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो, ग्रामसेवकांशी आताच बोलून घ्या. कक्षात काय हवं याच्या याद्या तुम्हाला मिळतील. मी फक्त बायकांनी मला जे सांगितलं ते सांगतो : संडासाला आतून कडी हवी आणि रात्री बाहेर दिवा हवा. मागच्या खेपेला या दोन गोष्टी नव्हत्या म्हणून दोघीजणी कक्षात यायला तयार झाल्या नाहीत. कडीला किती पैसे लागतात?

घरीच राहणाऱ्या रुग्णाला माजघरात झोपवू नका. आपली माजघरं काळोखी, एक खिडकी, तीही पावसात बंद. हा आजार हवेतून पसरतो, कोंडलेल्या जागेत जास्त. पडवी किंवा ओटी, जिथे वारा आरपार जातो, ती जागा. झड आत येते म्हणून ताडपत्री लावाल, तर वरचा हातभर भाग मोकळा सोडा. सेवा करणारं माणूस एकच, शक्यतो लस घेतलेलं, आणि दोघांच्याही तोंडाला मास्क.

पालथं झोपण्याचं तंत्र शिकून घ्या. गाडी यायला वेळ असताना याने ऑक्सिजन थोडा वर येतो. एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. जेवणानंतर तासभर नाही. गरोदर बाईला आणि हृदयाचा गंभीर आजार असलेल्याला नाही. आणि हे गाडी येईपर्यंतचं आहे, गाडीच्या ऐवजी नाही.

पाचवं काम : ऑक्सिजन, आणि त्याहून आधी वीज

वाडीच्या मुंबईतल्या मंडळाने किंवा एखाद्या संस्थेने गावाला कॉन्सन्ट्रेटर दिला की सगळ्यांना सुटल्यासारखं वाटतं. ते यंत्र हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देतं, पण विजेवर. मागच्या वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं, यंदा मे महिन्यात तौक्ते, 22 जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. प्रत्येक वेळी कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. वीज नसेल तर कॉन्सन्ट्रेटर म्हणजे नुसतं खोकं.

हिशोब करून ठेवा. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण 350 वॅट खातो. घरगुती इन्व्हर्टरच्या 150 एएचच्या चांगल्या बॅटरीवर तो तीनेक तास चालेल, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी. गावात जनरेटर कुणाकडे आहे? मंडपवाल्याकडे, लाऊडस्पीकरवाल्याकडे असतो. त्याच्याशी आताच बोला आणि दहा लिटर इंधन वेगळं काढून ठेवा.

सिलिंडर असेल तर त्याचाही हिशोब सोपा आहे. मोठा जंबो सिलिंडर साधारण 7000 लिटरचा. मिनिटाला 5 लिटरने दिला तर तेवीस तासांच्या आसपास. लहान, 1500 लिटरचा, त्याच वेगाने पाच तास. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, ऐन वेळी पाना सापडत नाही.

कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून हातभर लांब ठेवायचा, बाटलीत डिस्टिल्ड वॉटर, मागची जाळी आठवड्याला धुऊन वाळवायची. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत निरांजन, उदबत्ती, चूल, विडी काहीही नको. देवघर त्याच खोलीत असेल तर रुग्णाची खोली बदला. आजीआजोबांना देवापुढचा दिवा बंद करा म्हणणं जड जातं, खोली बदला म्हटलं की पटतं.

सहावं काम : रात्री दोन वाजताची गाडी

108 ला फोन करायचाच, पण लाट भरात असताना ती गाडी दुसऱ्या टोकाला असू शकते. म्हणून गावातल्या चार गाड्या ठरवा. मालकांशी बोला, चालकाला मास्क आणि काचा उघड्या ठेवायची सवय लावा, भाडं आधी ठरवा आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. आठवड्याच्या पाळ्या लावा. पाळीवरच्या चालकाचा फोन रात्री सायलेंटवर नको.

पाखाडीवरच्या घरांसाठी डोली तयार ठेवा. हात असलेली मजबूत खुर्ची, दोन्ही बाजूंनी लांब बांबू, काथ्याने घट्ट. चार माणसं लागतात, निसरड्यावर सहा. रिकाम्या खुर्चीत आपल्यातल्याच एकाला बसवून एकदा पावसात उतरवून बघा. आम्ही केलं तेव्हा कळलं की तिसऱ्या वळणावर बांबू कठड्याला अडकतो. बांबू वीतभर कापले. हे खऱ्या रुग्णाच्या वेळी कळलं असतं तर?

पाळीच्या कागदावर हेही असू द्या : कोणत्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या खाटा आहेत, त्यांचे नंबर, महात्मा फुले योजना कुठे लागू आहे. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स प्रत्येक घराने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला टांगायच्या, साखर-बीपीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांसह. खासगी रुग्णालयात न्यावंच लागलं तर सध्या सरकारने कोविडच्या उपचारांचे दर ठरवून दिलेले आहेत, पक्कं बिल मागायचं.

लस

यावर वेगळं भाषण नको. सध्याच्या, म्हणजे ऑगस्ट 2021 च्या नियमाने कोविशिल्डचा दुसरा डोस 84 दिवसांनी, कोवॅक्सिनचा 28 दिवसांनी. कोविड होऊन गेलेल्यांनी बरं झाल्यावर तीन महिने थांबायचं. गरोदर बायकांना जुलैपासून परवानगी आहे, अंगावर पाजणाऱ्यांना त्याआधीपासून. एका मोबाईल नंबरवर चौघांची नोंद होते, तेव्हा ज्यांच्याकडे मोबाईल नाही त्यांना आपल्या नंबरवर घ्या. वहीत दुसऱ्या डोसच्या तारखा आहेतच, आदल्या दिवशी जाऊन सांगा. वाडीतल्या खाटेवरच्या म्हाताऱ्यांची वेगळी यादी करून उपकेंद्राच्या सिस्टरना द्या.

सातवं काम : गणपतीची तारीखवार आखणी

प्रत्येक वाडीचं मुंबईत मंडळ आहे आणि त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तिथल्या दोन वडीलधाऱ्यांना आजच फोन करा. कोण येणार, कोणत्या दिवशी, किती माणसं, लस झाली का. दरडावून नको. हे घर त्यांचंही आहे. "येण्याआधी आठ दिवस गर्दीत कमी फिरा, ताप-सर्दी असेल तर या वेळी राहू द्या, आम्ही तुमच्या गणपतीची पूजा करू" असं सांगितलं तर माणसं ऐकतात. "आम्ही पूजा करू" हा भाग विसरू नका. घरचा गणपती उपाशी राहील या धास्तीने आजारी माणूसही गाडीत बसतो.

आरत्यांना वाडीभर घरोघर फिरणं यंदा नको. फिरायचंच असेल तर पाच-सहा जणांनी अंगणात उभं राहून आरती म्हणावी, टाळ आपापले, प्रसाद पुडीतून.

आता कॅलेंडर काढा. 10 तारखेला गणपती, 14 ला गौरीविसर्जन, 19 ला अनंत चतुर्दशी. या दिवसांत लागण झाली तर लक्षणं दोन दिवसांपासून आठवड्याभरात, क्वचित चौदा दिवसांत दिसतात. त्यापुढे आठ-दहा दिवस गंभीर होण्याचे. म्हणजे आपल्याला धोका गर्दीच्या दिवसांत दिसणारच नाही. तो दिसेल चाकरमानी परत गेल्यावर, 15 सप्टेंबर ते 5 ऑक्टोबर, जेव्हा आपण सुटलो म्हणून बसलेलो असू. गाडीच्या पाळ्या, जनरेटरचं इंधन, घरोघर जाणं हे सगळं त्या तीन आठवड्यांत दुपटीने लावा. पहिला ताप सापडला की अँटिजेन तपासणी करा. ती निगेटिव्ह आली आणि लक्षणं आहेत तर आरटीपीसीआर, आणि रिपोर्ट येईपर्यंत पॉझिटिव्ह समजूनच वागा.

त्याच सुमारास हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात कापणीला येतं. कापणीच्या दिवसांत ताप सांगायला कुणाला सवड नसते. म्हणून वहीतल्या जोडघराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आतापासून आखून ठेवा : घरात कुणी पडलं तर भात कोण कापणार. निम्म्या घरांनी नावं दिली आहेत. उरलेल्या घरांकडे या रविवारी तुम्ही जायचं आहे, वही आशाताईंकडून घ्या.